लासुर्ण्याच्या पुढचा एक्सप्रेसो

आधी माझं सगळं ऐकून घ्या, मग काय हसायचं ते हसा. मी दूध काढायची मशिनं दुरुस्त करतो. राहायला बारामतीत, आणि दिवसभर ह्या गोठ्यातून त्या गोठ्यात. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतंच – पाइपला चीर, रबर झिजलेलं, नाहीतर मालकानं स्वतःची अक्कल पाजळलेली. बिनकारणाचा बिघाड मी आजवर बघितलेला नाही. त्यामुळे करणी, बाधा, "मला मागून कुणीतरी हाक मारली"... असलं काही सांगणाऱ्याची मी कायम खेचत आलोय. आता मीच लिहायला बसलोय. हसतील त्याचे दात दिसतील!

दुसरं माझं येड म्हणजे कॉफी. कंपनीनं ट्रेनिंगला बंगळुरूला पाठवलं होतं, तिथं खरी एस्प्रेसो प्यायलो आणि कामातून गेलो. इवलासा कप, काळी, घट्ट, वर तपकिरी साय. इकडं आल्यापासून रस्त्यावर दिसेल त्या टपरीत तीच शोधतोय. आणि आपल्याकडं एस्प्रेसो मागितली की काय मिळतं ते तुम्हाला ठाऊक आहेच – 'एक्सप्रेसो'! लग्नात स्टॉल असतो ना, तो. मशीन फुस्स करून वाफ सोडतं, दूध-साखर फसफसते, वर चॉकलेटची पावडर भुरभुरवतात. सांगवीपासून भिगवणपर्यंत मी किती टपरीवाल्यांशी हुज्जत घातली असेल! एकानं तर सरळ सांगितलं, "दूध न्हाय, साखर न्हाय, मग पैसे कशाचं देताय? काढा प्या की घरी."

माझी फुफू इंदापूरला दिलेली. फुफू म्हणजे आत्या. अब्बा लवकर गेले, मग शाळा होईपर्यंत मी तिच्याकडंच वाढलो. तिला मूलबाळ नाही. फुफाही, म्हणजे तिचे यजमान, मागंच वारले. तिचं एकच मागणं होतं, आणि ते ती जेवताना मीठ मागावं तितक्या सहज बोलायची: "रियाज, माझ्या कबरीत तू उतरायचं. परक्या हातात मला देऊ नको." आमच्यात बाईमाणसाला कबरीत उतरवायचं ते तिच्या सख्ख्या रक्तातल्या पुरुषानं – मुलगा, भाऊ, भाचा. तिला तसा मी एकटाच उरलो होतो. मी म्हणायचो, "तू आधी शंभरी तर गाठ."

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. फुफू आजारीच होती, माझी बायको फरजाना आदल्या दिवसापासून तिच्याजवळ होती. मी वडगाव निंबाळकरला एका गोठ्यात मशीन खोलून बसलेलो. फरजानाचा फोन आला. घरात आम्ही दखनी बोलतो, पण इथं मराठीतच सांगतो. म्हणाली, "फुफू गेली. जोहरला उचलणार आहेत. निघा... आणि आज कुठं कॉफी हुडकत बसू नका, अल्लाच्यान."

मशीन तसंच टाकून निघालो. बारामती ओलांडेपर्यंत डोळ्यांना धार लागलेली. लासुर्ण्याच्या पुढं आलो तेव्हा मनातल्या मनात हिशोब केला – जोहरची, दुपारच्या नमाजाची, जमात अडीचला, म्हणजे आपल्या हातात वेळ आहे. इथंच माती खाल्ली. अडीच ही आमच्या बारामतीच्या मोहल्ल्यातली वेळ! प्रत्येक मशिदीत जमातीची, सगळ्यांनी मिळून नमाज पढायची, वेळ वेगळी असते, हे लहान पोरालाही कळतं. फुफूच्या मोहल्ल्यात सव्वा वाजताच असते, आणि तिथं तर मी इतकी वर्षं काढलेली. तरी डोक्यात आलं नाही. का आलं नाही, ते पुढं बघा.

रस्त्याच्या डाव्या हाताला पत्र्याची टपरी दिसली. पाटी नेहमीचीच, 'एक्सप्रेसो कॉफी'. पण आत मशीन होतं ते पितळी, लांब दांड्याचं. दांडा हातानं ओढायचा ते. अशी मशिनं मी फक्त फोनवर बघितलेली. पाय आपोआप ब्रेकवर गेला. मनाला म्हटलं, डोकं उठलंय, दोन घोट घेतले तर गाडी तरी नीट चालवीन. माणूस स्वतःला फसवायला लागला की वकीलसुद्धा त्याच्यापुढं फिका.

टपरीवाला पन्नाशीचा, गळ्यात टॉवेल. म्हटलं, "दूध नको, साखर नको." तो वाद न घालता "बसा" म्हणाला. दांडा ओढला, आणि माझ्यापुढं जो कप आला... काय सांगू! तीच तपकिरी साय. पहिला घोट कडू, मग जिभेवर मागून गोडवा. मी फोन काढून फोटो घेतला. हो, फोटो! फुफूची मय्यत घरात आणि मी कॉफीचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकतोय – "लासुर्ण्याजवळ! विश्वास बसतोय का?" चार जणांनी बदाम पाठवले. मी दुसरा कप सांगितला. दोन्ही कप शेवटच्या थेंबापर्यंत, चवीचवीनं प्यायलो. रडू थांबलं होतं. बरं वाटत होतं, हे सगळ्यात वाईट.

निमगाव केतकी मागं पडल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला – सव्वा! सव्वाला जमात! मग गाडी कशी हाणली ते विचारू नका. सरळ कब्रस्तानच गाठलं. फाटकातून लोक बाहेर पडत होते. फातिहा झालेली. माती झालेली.

असलम, म्हणजे फुफूच्या दिराचा मुलगा, समोरून आला. मला वाटलं आता हा सगळ्यांदेखत माझी गचांडी धरणार, आणि धरावीच. त्यानं मला मिठी मारली. "चाचीची इच्छा पुरी झाली बघ," तो रडत म्हणाला. "आमी चादर धरून हुतो, पण वरनं बघितलं की. किती हळू ठेवलंस रे तिला. पोटच्या पोरानं केलं नसतं."

चादर कशासाठी ते सांगतो – बाईला उतरवताना कबरीवर पडदा धरतात. म्हणून मला वाटलं, गर्दीत, पडद्याआड, कुणाला तरी मी समजून बसलाय हा. तेवढ्यात फुफूचे शेजारी बबनतात्या आले. म्हातारा माणूस, फाटकाशी उभा राहून सगळं बघत होता. म्हणाले, "रियाज, जीव गोळा करून घे आता. आन आधी हात धू बाबा. कोपरापतूर चिखूल हाय."

मी हाताकडं बघितलं. काळी माती. नखांत, बोटांच्या पेरांत, कोपरापर्यंत, आणि अजून ओली. मी गाडीतून उतरून दहा पावलंसुद्धा चाललो नव्हतो. तोंडात अजून कॉफीची चव होती.

नळावर हात धुतले. "मी आत्ता आलोय" हे वाक्य जिभेवर दोनदा आलं. असलम पाठीवरून हात फिरवत होता, तात्या टॉवेल घेऊन उभे. मी टॉवेल घेतला आणि हात पुसले. घरी गेलो तर बायकांनी माझ्या तोंडावरून हात उतरून कडाकडा बोटं मोडली. फरजाना म्हणाली, "फुफूचे पांग फेडलेत तुम्ही." त्या रात्री मी जेवलो नाही. सगळ्यांना वाटलं दुःखानं.

आठवड्यानं परत लासुर्ण्याला गेलो. वाटलं, टपरी नसेलच तिथं. गोष्टीत नसते ना. पण होती की! तोच माणूस, तोच टॉवेल. मशीन मात्र लग्नातलं, स्टीलचं, फुस्स करणारं. "पितळी मशीन कुठंय?" विचारलं तर म्हणाला, "पितळी? माझ्याकडं हेच हाय पहिल्यापासनं." मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाला, "तुमी त्या दिवशी आलता व्हय? रडत हुता. कॉफी सांगितली आन माझा हात मशिनीवर जायच्या आत उठला. म्हणला, न्हाय दादा, माझी फुफू वाट बघती. असं पळाला की गाडीचं दार उघडंच. लागली का माती येळंवर?"

"लागली," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्यानं मला त्याचा एक्सप्रेसो पाजला, फेसाचा. नाव न ठेवता प्यायलो.

आता कारण शोधा. मी शोधून दमलो. टपरीवाला म्हणतो मी कॉफी न पिता गेलो. असलम म्हणतो, तात्या म्हणतात, सगळा मोहल्ला म्हणतो की मी वेळेत पोचलो. फोनमध्ये मात्र फोटो आहे – भरलेला कप, तपकिरी साय, आणि त्याची वेळ बघितली तर नेमकी तिला कबरीत खाली देत होते तेव्हाची. तो फोटो पुसायला हात होत नाही आणि पुन्हा कुणाला दाखवायलाही. एक मित्र म्हणाला, धक्क्यात माणसाला काहीही आठवतं, तू पोचलास हेच खरं, सोड आता. मलाही तेच हवंय हो! मी रोज रात्री तेच खरं करायला बघतो. पण मशीन उघडणाऱ्या माणसाला खोटा पार्ट बसवता येत नाही.

फरजाना हे वाचणार आहे. तिला तोंडानं सांगायची माझी हिंमत झाली नाही, ह्याची शरम वेगळीच.

ते कोण उतरलं, कसं उतरलं, मला माहीत नाही, आणि कळेल असं वाटतही नाही. माझेच हात असतील तर ते मला सोडून तिच्याकडं गेले. चांगलं केलं त्यांनी. फक्त परवा असलमनं सहज विचारलं, "शेवटी शेवटी चाची अगदी हलकी झाली हुती, न्हाय का रे?" मी मान हलवली. फुफू हलकी होती का जड, ते मला कुठं माहीत आहे...