माधवनगरचा माळी आणि मागच्या दारचे पाच मोगरे

संक्रांत सरली की माधवनगरच्या बायका वजीरभाईंची वाट बघायला लागायच्या. नवऱ्याचं एक अक्षर न ऐकणाऱ्या बायका, पण वजीरभाईंनी सायकल टेकवून सांगितलं की मुकाट्यानं कात्री घेऊन उभ्या. कढीपत्ता निम्म्यात छाटा. कुंडीतली वरची चार बोटं माती काढून शेणखत भरा. ऊन तापायच्या आत मुळाशी उसाचं पाचट अंथरा, आणि भर दुपारी झाडाला पाणी दाखवू नका. त्यांची बायको रहिमतबी म्हणायची, ह्या माणसानं गावाच्या बागा फुलवल्या आणि स्वतःच्या दारात एरंडसुद्धा लावला नाही.

मोगऱ्याचं त्यांचं शास्त्र मात्र कडक होतं. संक्रांतीनंतर पाणी तोडायचं. पानं पिवळी पडून गळायला लागली की छाटायचं, खत द्यायचं, आणि मगच पोटभर पाणी. उपाशी ठेवल्याशिवाय मोगरा कळी धरत नाही. ह्या शास्त्रावर त्रिशलावहिनींच्या मागच्या दारचे पाच मोगरे तीस वर्षं फुलत होते. महावीर जयंतीला बस्तीतली, म्हणजे जैन मंदिरातली, पहिली माळ त्याच घरची. वहिनी ती परडी अशा मिरवत न्यायच्या की जणू कळ्या त्यांनीच एकेक करून फुंकून फुलवल्या होत्या.

गेल्याच्या आदल्या दिवाळीत त्यांच्या मुलानं, गोमटेशनं, परसातली विहीर बुजवून गाडीसाठी फरशी घातली. मागच्या दाराशी मोगऱ्यांपुरती पट्टी तेवढी उरली. गोमटेशला सांगलीचा कुणी बागवाला भेटला होता. कापायला नको, पाणी नको, अशी प्लास्टिकच्या गवताची सतरंजी अंथरून देणारा. वहिनी आडव्या आल्या तेव्हा तो म्हणाला, महावीर जयंतीला मोगरा फुलला तर वजीरचाचा राहतील, नाहीतर सतरंजी. हे सगळ्या गल्लीला कळलं. वजीरभाईंना ते गल्लीकडूनच कळलं, ही त्यातली खरी गंमत.

त्यांनी पाणी तोडलं. पंधरा दिवस गेले, तीन आठवडे गेले, पण पान पिवळं होईना. एके दिवशी ते उजाडतानाच आले, तर वहिनी मागच्या दारात उभ्या. हातात पाणी गाळायचं फडकं, पुढं बादली. त्यांच्या घरी पाणी गाळल्याशिवाय कुणी पीत नाही, आणि फडक्यात राहिलेले जीव धुऊन परत विहिरीत सोडायचे, हा धर्म. विहीर तर बुजलेली. मोरीत ओतणं म्हणजे पाप. म्हणून ती बादली रोज मोगऱ्याच्या मुळाशी जात होती.

"वैनी, अशानं कळी धरायची न्हाई," वजीरभाई हळूच म्हणाले. "महिनाभर दुसरीकडं कुठं सोडा."

वहिनींनी बरं म्हणून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी माती पुन्हा ओली. तिसऱ्या दिवशीही. शेवटी वजीरभाईंनी हिरव्या पानांचीच छाटणी केली आणि खत घातलं.

महावीर जयंतीच्या आदल्या दिवशी गोमटेश बायकोला घेऊन मागच्या दारी आला. पाच झुडपं हिरवीगार, लुसलुशीत, आणि कळी एक नाही. वजीरभाई म्हणाले, पाणी जास्त झालं. पाणी कुणी घातलं, असं त्यानं विचारलं. वजीरभाईंनी वहिनींकडं बघितलं. त्यांच्या तोंडून एक शब्द यावा एवढीच अपेक्षा. आपण सांगितलं असतं, तर सुनेसमोर बाईच्या सोवळ्याचं हसं झालं असतं.

वहिनींनी पदर सावरला. "मला काय ठाऊक? झाडं वजीरभाईंच्या ताब्यात."

किडामुंगीला जपणाऱ्या बाईनं तीस वर्षं दारात राबलेला माणूस एका वाक्यात चिरडला. गल्लीत मग वाटेल ते उठलं: वजीरला दिसत नाही, वजीरचा हात गेला. निम्म्या घरांनी बोलावणं बंद केलं. चार मोगरे उपटले गेले. पाचवा वहिनींनी रडून-भेकून एका कुंडीत वाचवला.

यंदा संक्रांतीनंतर वहिनींचा फोन आला. आवाजात मध. "वजीरभाई, कुंडीतल्याचं पाणी तोडू का वं आता?"

वजीरभाई म्हणाले, "कशाला तोडताय? घाला की वैनी. रोज घाला, बादलीभर घाला. तुमच्या हातचं त्याला लय मानवतं."

चैत्रात सून दीपालीच्या मोबाईलवरून फोटो आला: कुंडीभर गर्द हिरवी पानं. कळी का धरत नाही, असं खाली विचारलं होतं. रहिमतबीनं फोटो बघितला आणि विचारलं, बाईचं राहू दे, पण झाडानं काय घोडं मारलं होतं?

वजीरभाईंनी मोबाईल पालथा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका झाडाचं जाणूनबुजून वाईट केलं होतं. त्या दिवशी सायकल भिंतीलाच राहिली.