कडू कंद आणि तीन सर्च इंजिनं

दिवाळीनंतर वडिलांचं जेवण उतरत गेलं. आधी दीड भाकरी, मग एक, मग चतकोर. एका दुपारी ताट सरकवून म्हणाले, "कडू कंद असता तर खाल्ला असता."

आई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या जव्हारच्या घरात कडू कंद शिजला नव्हता. बाजारात दाभोशाकडची एक बाई हे रानातले कंद घेऊन बसते, तिच्याकडून दोन किलो आणले. नीट केला नाही तर घसा धरतो, पोटही बिघडतं, एवढं मला माहीत होतं. नीट म्हणजे कसा, ते माहीत नव्हतं.

मोबाइलवर तीन सर्च इंजिनं आहेत. कोणावर विसंबायचं ते ठरवायला वहीत तीन रकाने आखले. दहा प्रश्न तयार केले आणि तेच शब्द, त्याच क्रमाने, तिन्हीकडे टाकले. प्रत्येक प्रश्नाची पहिली दहा उत्तरं उघडून वाचली. कडू कंदाची कृती असेल तर खूण, नाही तर फुली. पहिल्याला शंभरात नऊ खुणा, दुसऱ्याला चौदा, तिसऱ्याला चार. पहिलं सारखं उपवासाच्या रताळ्याकडे जायचं. तिसऱ्याने धबधबे आणि राहायच्या खोल्या दाखवल्या, कारण मी प्रश्नात जव्हार लिहिलं होतं. दुसरं जिंकलं असं वाटलं, पण त्याच्या चौदांपैकी अकरा पानांवर एकच मजकूर उतरवलेला होता. तो एकदाच धरायला हवा, म्हणून पुन्हा मोजलं. उरल्या चार. पहिल्याच्या नऊ खुणांतही बहुतेक तोच मजकूर निघाला.

त्या मजकुरात लिहिलं होतं, चकत्या उकडून चार वेळा पाणी बदला. मी चकत्या बादलीत घालून सहा वेळा बदललं. वडिलांनी एक चकती तोंडात घातली, हातावर थुंकली आणि पाणी मागितलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आई कंद करायची तेव्हा मी चार हातांवर अभ्यास करत बसलेलो असायचो. विळीचा आवाज आठवतो, धुराने चुरचुरणारे डोळे आठवतात. ती पाण्याचं काय करायची, ते आठवत नाही.

बायको म्हणाली, "तीन ठिकाणी विचारलंत. जिला येतं तिला तेवढं सोडलंत."

ती माझ्या सूर्यमाळच्या मावशीबद्दल, आईच्या बहिणीबद्दल बोलत होती. मावशीच्या पाड्यावर रेंज नाही, म्हणून तिला विचारायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उरलेले कंद पिशवीत घालून जीपने गेलो.

बादलीचं ऐकून मावशी हसली. बादलीतलं कडू बादलीतच राहतं, म्हणाली. तिने चकत्या राख घालून उकडल्या, बांबूच्या टोपलीत भरल्या आणि टोपली ओहोळात ठेवून वर दगड ठेवला. मी विचारलं, किती तास?

"तास कोण मोजतं? कडू जाईपर्यंत. चाखून बघायचा. जो ठेवतो त्यानंच आधी चाखायचा, मग दुसऱ्याला द्यायचा. तुझी आय काय करायची मग?"

रात्री मावशीकडेच राहिलो आणि सकाळी ओहोळात उतरलो. पाणी बर्फासारखं होतं. पहिली चकती कडू लागली, जीभ चरचरली. टोपली परत बुडवली. तासाभराने दुसरी, तीही कडू. आई दर हिवाळ्यात अशीच पाण्यात उभी राहत असणार, आमच्या आधी तो कडूपणा तोंडात घेत असणार. किती वेळा, ते आम्ही कोणी विचारलं नाही, आणि आता कुठल्या रकान्यात भरताही येत नाही. तिसरी चकती कडू लागली नाही. मग टोपली काढली.

घरी चकत्यांना मीठ लावून वडिलांना दिल्या. चार खाल्ल्या. पाचवी हातात घेऊन म्हणाले, "तिचा याहून मऊ असायचा."

मी हो म्हटलं. खरं तर तिच्या कंदाची चव मला आठवत नव्हती. ते सावकाश चावत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो.