तेलातलं इंजिन

चूक माझीच होती. अकोल्याच्या एका काकांनी रेल्वे इंजिनाच्या मॉडेलची ऑर्डर देताना एकच अट घातली होती, "इंजिन तेलातलं पाहिजे." मी वहीत लिहिलं, 'ऑइल पेंट'. पुढे काही विचारलं नाही.

मी अमरावतीत छोटी मॉडेल्स बनवतो. वीतभर मॉडेलवर चंदेरी रंग फासला की ते खेळणं दिसतं. म्हणून ऑइल पेंटनं धातूचा भास करायचा. काळ्या-करड्या रंगाशेजारी पांढऱ्याची बारीक रेघ ओढायची आणि मऊ, कोरड्या ब्रशनं मधली सीमा पुसट करायची. डोळ्यांना पोलाद दिसतं. त्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी रंग सोडला की गंज. गंज मला फार छान जमतो. तोच नडला.

काका वाफेच्या इंजिनाचे रिटायर्ड ड्रायव्हर. बुधवारी मॉडेल न्यायला आले. चाकांना जोडणाऱ्या दांड्यांवर, म्हणजे साइड रॉडवर, त्यांचं बोट थांबलं.

"हे काय करून ठेवलं भाऊ तुमी? जंग?"

"रिअलिस्टिक इफेक्ट आहे, काका."

"कायचा इफेक्ट! तेलातलं पाहिजे, सांगतलं होतं ना मी?"

"तेलातलंच आहे. सगळे ऑइल पेंट."

"अरे, ट्यूबमधलं नाई! रोज तेलानं पुसलेलं, चमकणारं. रविवारी बाबारावले द्याचं आहे. माझा फायरमन तो, इंजिनात कोळसा टाकणारा. रोज सकाळी ह्या रॉड त्यानं पुसल्या. अन् पंचाहत्तरीले त्याले जंग देऊ?"

मी चिडलो. ज्यांवरून रंगवलं ते फोटो दाखवले. "यात गंज आहे की नाही?"

"हे तं भंगारातलं इंजिन! मेलेल्या माणसाचा फोटो पाहून लग्नाचा सूट शिवता काय?"

मी फोटो आवरून घेतले. तरी बोललोच, "मग ऑर्डर नीट सांगायची होती."

काका मॉडेल टेबलावर ठेवून निघून गेले.

टर्पेंटाइननं गंज उतरवला. खाली व्हार्निश होतं, म्हणून मूळ रंग वाचला. रॉड पुन्हा रंगवल्या. पण ऑइल पेंटला वाळायला आठवडा लागतो, आपल्याला कितीही घाई असो. काकांना फोन केला. "बडनेऱ्याले, बाबारावच्या घरी घेऊन या," म्हणाले आणि ठेवला. तेव्हापासून मी वहीत गिऱ्हाइकाचे शब्द लिहितो आणि खाली त्यांचा अर्थ विचारून घेतो.

रविवारी मॉडेल ओलंच नेलं. मी सांगायच्या आतच बाबारावांनी रॉडवर बोट फिरवलं. बोट काळं झालं. मी फडकं पुढे केलं. ते मात्र बोट चोळत काकांना म्हणाले, "साहेब, आत्ताच तेलानं पुसलं वाटते कोणी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला राहवेना.

"बाबाराव, आधी तुमच्या रॉडवर मी गंज चढवला होता. वर दोष काकांना दिला. दोघांनीही मला माफ करा."