काड्यांच्या ढिगातलं पिल्लू

शेजारी भरिताची वांगी भाजत होते. कपाशीच्या काड्यांचा धूर नाकात गेला आणि मी धरणगावच्या आमच्या शेतात पोचलो.

कुत्र्याचं पिल्लू तेव्हा घरात नवीनच आलं होतं. चप्पल कुरतडली म्हणून सकाळी मी त्याला लाथ मारली. तेव्हापासून ते दिसलं नव्हतं. संध्याकाळी काड्यांच्या ढिगाखाली वांगी रचून मी आगपेटीची काडी ओढली.

आईने विचारलं, "पिल्लू कोठे शे रे?"

"व्हई आठेच." असेल इथेच कुठेतरी, असं मला वाटलं.

तेवढ्यात ढीग हलला. पेटती काडी मी मुठीतच विझवली. पिल्लू अंग चोरत बाहेर आलं आणि माझी भाजलेली बोटं चाटू लागलं.

पुढे ते जन्मभर माझ्याच पायाशी झोपलं. "त्याना बठ्ठा जीव तुन्हावर," त्याचा सगळा जीव तुझ्यावर, असं आई कौतुकाने म्हणायची. सकाळच्या लाथेचं मी तिला कधीच सांगितलं नाही.