पाड्यावरची जोडीनं तपासणी

हिवाळ्यात घोडबंदरच्या डोंगराकडच्या वारली पाड्यावर आमचा कॅम्प होता. गरोदर बायकांची सिफिलिसची टेस्ट... म्हणजे लोक ज्याला गरमी म्हणतात ती. मी लॅब टेक्निशियन, किट मांडून सकाळपासून सज्ज. आणि तंबूत चिटपाखरू नाही! एक कुत्रं तेवढं आलं, तेही डॉक्टरांच्या डब्याच्या वासानं.

चूक आमचीच. 'फक्त गरोदर बायकांनी या' असं आम्ही पाडाभर सांगत फिरलो होतो. आता अशा तंबूत जी एकटी शिरेल तिच्याबद्दल लोक काय बोलतील, हे कळायला काय डिग्री लागते? पण नाही सुचलं.

मला काळजी होती सुमनची. नाव बदललंय, आणि हे तिला विचारूनच लिहितेय. सहावा महिना, आणि याआधी दोनदा बाळ पोटातच गेलेलं... कारण कुणालाच माहीत नाही, आणि या आजारानंही असं होतं.

तिचा नवरा चौक बंदरातल्या एका मच्छीमार बोटीवर कामाला. त्या संध्याकाळी बोट सुटणार, मग आठ-दहा दिवस समुद्रात. आजार निघाला तर औषध दोघांना हवं, नाहीतर तिला बरं केलं तरी त्याच्याकडून पुन्हा तेच.

पूर्वी रक्त लॅबला जायचं आणि रिपोर्ट येईपर्यंत माणूस कामाला कुठेतरी लांब गेलेला असायचा. या किटला बोटातला रक्ताचा थेंब पुरतो, वीस मिनिटांत उत्तर. पण थेंब द्यायला माणूस तर यायला हवा ना!

शेवटी मी जानीबायचं दार गाठलं. जानीबाय म्हणजे पाड्याची धवलेरी. वारल्यांकडे लग्न धवलेरी लावते, ती बाईच असते, आणि इथली बहुतेक लग्नं हिनंच लावलेली. कुणाचंही नाव न घेता मी अडचण सांगितली, तर तिनं मलाच झापलं, "लगीन काय एकट्या बायकोचा लागतो? मंग सुई एकटीला कशाला?"

आणि निघाली की हो घरोघर! चिंचेखाली पत्ते कुटणाऱ्या बाप्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी लगीन लावला तवा जोडीनं बसलास ना रं? आता पण जोडीनंच बस. चल, ऊठ!"

एक जण पुटपुटला, "मना काय झाला न्हाय."

"मंग भितोस कशाला?" विषय संपला.

बघता बघता तंबूबाहेर जोड्यांची रांग... नवरे माना खाली घालून, बायका पदराआड हसतायत. म्हातारी जोडपीसुद्धा नटून आली, त्यांना नाही कोण म्हणणार! बोटं सगळ्यांची टोचली, निकाल मात्र ज्याचा त्याला, आत बोलावून.

सुमनच्या किटवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे आजार आहे. नवऱ्याच्याही. वाईट वाटलं... पण खरं सांगते, पाठोपाठ आनंदही झाला. सापडलं होतं एकदाचं!

डॉक्टरांनी दोघांना शांतपणे समजावलं आणि इंजेक्शन तिथंच दिलं. रिॲक्शन नाही ना बघायला बसवून ठेवलं, तर नवऱ्याचं एकच चाललेलं, "बोट सुटंल म्याडम!" नाही सुटली. कंबर चोळत रिक्षात बसला आणि वेळेत पोचला.

सुमननं पुढचे डोसही आठवड्याच्या आठवड्याला येऊन घेतले, एकही चुकवला नाही. दर वेळी सोबत कोण? जानीबाय.

काल दुपारी सुमनच्या नवऱ्याचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत तो म्हणाला, "पोरगी झाली म्याडम. जित्ती हाय."

मी लॅबमध्ये सगळ्यांसमोर आधी रडले, मग ओरडले, मग पेढे आणायला धावले. आज डॉक्टरांनी बाळाला तपासलंय, ठणठणीत आहे. जानीबाय, तू फेसबुकवर नाहीस म्हणून... उद्या वर पाड्यावर येतेय, पाया पडायला.