मोजणीदाराचे एकवीस शब्द

आमच्या प्रकाशनात त्यांना सगळे चाळणीबाई म्हणत, तोंडावर फक्त बाई. सव्वीस वर्षं त्या छपाईआधीची मुद्रितं तपासत होत्या आणि त्यातली निम्मी भयकादंबऱ्यांची. त्यामुळे त्यातला नायक त्यांना तोंडपाठ होता. उंच, अबोल, डोळ्यांत काहीतरी दडवलेलं, पहिली बायको अचानक गेलेली, मोठ्या घरात एक खोली कायम बंद. नायिका आधी त्याला घाबरते, मग त्याच्यावर जीव टाकते आणि शेवटच्या सोळा पानांत तो निर्दोष निघतो.

"निघणारच," बाई म्हणत. "लेखकाला पुस्तक खपवायचंय. खऱ्या आयुष्यात ती सोळा पानं कोण जोडून देणार?"

आणि नेमका असाच माणूस त्यांच्या धाकट्या बहिणीने पसंत केला. जमिनीची मोजणी करणारा, उंच, दहा वाक्यांच्या जागी एक बोलणारा. टेकडीखाली दगडी घर. बायको जाऊन सहा वर्षं झालेली.

आईवडिलांच्या मागे बाईंनीच बहिणीला वाढवलं होतं. आता ती अडतीस वर्षांची, दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसणारी. तिने एवढंच सांगितलं, "ताई, तू हो म्हटलंस तरच."

बाई घर बघायला गेल्या. बंद खोली होतीच. "इथे काय?" त्यांनी विचारलं. मोजणीदाराने निमूटपणे दार उघडलं. आत मोजणीच्या साखळ्या, तिवया आणि दोन मोडक्या छत्र्या.

"झालं समाधान?" परतताना बहिणीने विचारलं.

"लपवणारा माणूस आधी छत्र्याच दाखवतो."

"आणि दार उघडलं नसतं तर?"

"तर लपवतोय हे उघडच होतं."

"म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं."

त्याच भेटीत बाईंनी त्याच्या बायकोबद्दल विचारलं होतं. तो म्हणाला, "ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. वारा होता. कठड्याचा दगड सैल होता. मी खाली होतो. आवाज आला तेव्हा उशीर झाला होता." घरी येताच बाईंनी ते जसंच्या तसं कागदावर उतरवून ठेवलं. मूळ प्रत हाताशी असल्याशिवाय त्या काहीच तपासत नसत.

महिन्याभराने मोजणीदार जेवणाच्या सुट्टीत थेट आमच्या कचेरीत आला. त्याला उत्तर हवं होतं. बाईंनी ड्रॉवरमधून तो कागद काढला. "तुमच्या बायकोचं परत एकदा सांगा."

त्याने सांगितलं. बाईंची पेन्सिल एकेका शब्दाखालून सरकत गेली.

"एकवीस शब्द," त्या म्हणाल्या. "एकही इकडचा तिकडे नाही. आठवून सांगणारा माणूस कुठेतरी चुकतो. तुम्ही पाठ केलंय."

"हो. आधी पोलिसांना सांगितलं, मग सासुरवाडीच्यांना, मग शेजाऱ्यांना. एक शब्द बदलला की लोक तुमच्यासारखं बघायचे. म्हणून पाठ केलं."

उत्तर सरळ होतं आणि तेच बाईंना खुपलं. कादंबरीतल्या नायकाकडेही शंभराव्या पानापर्यंत सगळ्याला उत्तर असतं.

अवघड पान बाई उलटं वाचत, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे. सरळ वाचताना सुटलेलं अक्षर मन आपणच भरून घेतं आणि चूक दिसत नाही, असं त्या सांगत.

"आता शेवटाकडून सांगा," त्या म्हणाल्या. "आवाज आला. त्याच्या आधी?"

"मी खाली होतो."

"काय करत होता?"

"नकाशा काढत होतो."

"त्याच्या आधी?"

आम्ही सगळ्यांनी डब्यांत माना घातल्या.

"तिने हाक मारली होती. दोरी धरायला वर ये म्हणाली. मी गेलो नाही."

"का?"

"सकाळपासून अबोला होता. दुसरी हाक मारील तेव्हा जाऊ, म्हटलं."

बाईंनी कागदावर काहीच खूण केली नाही. तो उठून गेला, तेव्हाही त्या त्याच्याकडे बघतच होत्या.

पुढचं बाईंनीच आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं. संध्याकाळी बहीण चादरींच्या घड्या घालत होती. बाई म्हणाल्या, "ऐक. त्याने एक गोष्ट गाळली होती." आणि ती सांगितली.

"माहीत आहे," बहीण म्हणाली. "पहिल्याच भेटीत सांगितली त्यांनी. ताईला सांगू नका, असं मीच बजावलं होतं."

"तू?"

"तू तिथल्या तिथे फुली मारली असतीस."

महिनाभर बाई परक्याच्या घरात वास काढत होत्या आणि लपवाछपवी स्वतःच्याच घरात चालली होती. चादरीचं एक टोक त्यांनी हातात घेतलं.

"भीती नाही वाटत? उद्या तुमचा अबोला झाला तर?"

"वाटते. मी दुसरी हाकही मारीन. रागात असले तरी मारीन."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"पुढच्या महिन्यात परत विचारीन."

बाईंनी घडी पुरी केली. मग म्हणाल्या, "हो म्हणते. पण नजर ठेवणार त्याच्यावर."

"ते त्यांना कळलंय," बहीण म्हणाली. "तरी विचारायला आले ना?"