दसऱ्याचं कुलूप

टेम्पो निघाला तेव्हा मामाजी मागच्या फळीला धरून चार पावलं चालत आले. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात. टेम्पोत एक पलंग, गॅसची शेगडी, दोन पोती आणि पोत्यांवर बसलेले आम्ही दोघं. लग्नाला तीन महिने झाले होते. सुमेधला नागपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम मिळालं होतं आणि माझं नर्सिंगचं सर्टिफिकेट ट्रंकेत पडून होतं. सासूबाई डोळे पुसत होत्या. मामाजींना मात्र वेगळीच काळजी. सुमेधला म्हणाले, "खोली लहान असली तं चालन गा, पन समोर आंगन पाह्यजो. दसऱ्याले लोकं टेकतीन कुठं?"

मला हसू आलं. आम्ही संसार मांडायला निघालो होतो आणि या माणसाला वर्षातल्या एका दिवसाची पडली होती.

आमचं गाव भिवापूरकडे. दसऱ्याला गावातली आमची सगळी माणसं पांढरी लुगडी, पांढरे शर्ट घालून नागपूरला दीक्षाभूमीवर येतात. माझ्या आजेसासऱ्यांपासून येतात. नागपुरात ज्याचं कोणी आहे त्याच्याकडे पाय धुवायचे, पिशव्या टाकायच्या, चहा घ्यायचा आणि पुढे चालत निघायचं. हा पाहुणचार नाही, हा हक्क आहे. आमच्या गावचा एक माणूस कोराडीला वीज केंद्रात लागला होता. त्याने एका दसऱ्याला क्वार्टरला कुलूप लावलं आणि तो घरच्यांना घेऊन कुठेसा निघून गेला. त्याला कितीतरी वर्षं झाली. गावात आजही त्याचं नाव कोणी घेत नाही, 'कुलूपवाला' म्हणतात. त्याच्या पोरांनाही तेच.

आम्हाला नागपुरात नंदनवन भागात तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. पुढे फरशीचं लहान आंगण, आंगणात नळ, कपडे वाळवायची तार, आणि एक लोखंडी फाटक, जे लागताना सगळ्या गल्लीला कळवून लागतं. घरमालकीण काकू वर राहतात. पहिल्या दसऱ्याला एकोणीस माणसं आली. मी पातेलंभर वांगे-भात केला, चहा तीनदा टाकला आणि कंबर धरून बसले. पण खरं सांगते, मजा आली. आपल्या आंगणात आपल्या गावची माणसं पाय धुतात, तेव्हा भाड्याचं घरही आपलं वाटतं.

मग दुसरं वर्ष आलं.

पाऊस सरला की नागपुरात ऊन पुन्हा डोकं वर काढतं. झाकून ठेवलेला कूलर परत उघडावा लागतो. गावाकडे या दिवसांत सोयाबीन निघतं, धान पिवळं पडतं, सकाळी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून चाललं की पाय दवाने ओले होतात. इथे या दिवसांत डेंग्यू निघतो. सुमेध पहाटेच निघतो, महाल भागातल्या अरुंद गल्ल्यांमध्ये गाडी लावायला जागा शोधतो आणि तीन-तीन जिने चढून म्हाताऱ्यांचं रक्त घेतो. मी एका खाजगी दवाखान्यात, वॉर्डात, बारा तासांची ड्युटी. ती संपते तेव्हा दुसरी कोणी तरी तापाने पडलेली असते, मग तिचीही आपलीच. आम्ही नवरा-बायको एकाच घरात राहतो हे सिंकमधल्या भांड्यांवरून कळायचं. चहाचा कप एक असेल तर तो येऊन गेला, दोन असतील तर तो जेवलाच नाही. लग्नानंतर इतकी ओळख भांड्यांशी होईल असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

दमल्याची मजा असते सुरुवातीला. मी चहात मीठ टाकलं, आम्ही हसलो. काकूंनी दुधाचं विचारलं तर मी म्हणाले, "एक सलाईन पुरे." काकू हसल्या. एकदा मी स्वतःच्याच दाराची बेल वाजवून उभी राहिले. किल्ली माझ्या पर्समध्ये, आत कोणी नाही, आणि मी आपली वाट पाहते आहे. त्या दिवशी मात्र हसू आलं नाही.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मामाजींचा फोन आला. सुमेधने स्पीकरवर टाकला. "चोवीस जन हाओत. सुनबाईले सांगजो, सैपाकाची तकतक करू नोको म्हना. भाकरी आमी बांधून आनून राहिलो." मला तेव्हा अठरा दिवस झाले एकही सुटी मिळाली नव्हती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाइट होती. दसऱ्याची सकाळ, दुपार, संध्याकाळ, सगळी माझी होती. मला ती झोपायला हवी होती. मी सुमेधच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "मामाजी, आम्ही चंद्रपूरला चाललो. माझ्या आईला बरं नाही."

माझी आई चंद्रपुरात ठणठणीत होती.

"बरं बाई," ते म्हणाले. "मायले जपजो."

सुमेधने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं भांडेल. तो भांडला नाही. आत गेला आणि मोठं कुलूप शोधून आणलं. त्याने भांडायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. पण तोही दमलेला होता. दमलेल्या माणसाला खोटं बोलणं सोपं जातं. खरं बोलायला जोर लागतो.

दसऱ्याला सकाळी ड्युटीवरून आले, सवयीने युनिफॉर्म धुतला आणि आंगणातल्या तारेवर टाकला. काकू भावाकडे निघाल्या होत्या. सुमेधने त्यांनाच आमच्या दाराला बाहेरून कुलूप लावायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "काहून गा, कोनाले चुकवून राहिले?" सुमेध म्हणाला, "झोपायचं आहे काकू, कोणी उठवू नये म्हणून." त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन गेल्या. आम्ही पडदे ओढले. आवाज होईल म्हणून कूलर लावला नाही. मी पलंगावर पडले, घामाने भिजत. जिच्यासाठी एवढं केलं ती झोप काही येईना.

दहाच्या सुमारास फाटक वाजलं.

"हे पाहा, हे माया सुमेधचं घर." मामाजींचा आवाज. आम्ही घरी नाही म्हटल्यावर ते वाट वाकडी करून येणार नाहीत, असं आम्ही धरून चाललो होतो. पण त्यांना घर दाखवायचं होतं. चोवीस माणसं आंगणात शिरली. "दारावर नाव हाये वं दोघाईचं," एक बाई म्हणाली. मामाजींनी पाटी मोठ्याने वाचली, आधी माझं नाव, मग सुमेधचं, एकेक अक्षर सावकाश. मग गावच्या कांताबाई म्हणाल्या, "पन कुलूप हाये."

पिशव्या टेकवायला वाकलेली माणसं तशीच थांबली. आमच्या गावचा कोणीही सांगेल, त्या थांबण्यात कोणता शब्द होता.

"सुनबाईच्या मायची तब्येत बरी नाही," मामाजी म्हणाले. "गेले बिचारे दोघं."

नळ सुरू झाला. पाय धुतले, बाटल्या भरल्या. सुमेध भिंतीला पाठ लावून खाली बसला होता, गुडघ्यात डोकं घालून. मी पडद्याच्या फटीतून पाहत होते. मामाजी ओले हात झटकत तारेपाशी आले आणि माझ्या युनिफॉर्मची बाही त्यांच्या हाताला लागली. ती अजून निथळत होती. त्यांनी ती बोटांत धरली. खाली फरशीवर पडलेलं पाणी पाहिलं. मग सरळ खिडकीकडे पाहिलं.

खिडकी उघडून एक हाक मारता आली असती. कुलूप बाहेरून होतं, पण तोंडाला कुलूप नव्हतं. चोवीस माणसांसमोर काय सांगू, या लाजेने मी मागे सरकले. त्या दिवशी मी जे केलं त्यात फोनवरचं खोटं लहान होतं. हे मागे सरकणं मोठं होतं.

मामाजी लोकांकडे वळले. "हळू बोला बाप्पा," ते म्हणाले, "वरतं कोनी झोपलं असन." त्यांनी सगळ्यांना पुढे घातलं. शेवटी स्वतः निघाले, आणि ते बोंबलणारं फाटक दोन्ही हातांनी धरून इतकं हलकेच लावलं की आवाज झाला नाही.

आणि मग मला झोप लागली. हे लिहायला जीव धजत नाही, पण तसंच झालं. लाजही वाटत होती आणि डोळेही मिटत होते. मी सहा तास मेल्यासारखी झोपले.

काकू आल्या, कुलूप निघालं. सुमेध म्हणाला, "खोटं तू बोललीस, फोन तूच लाव." मी मनात वाक्यं जुळवली. आईचा ताप उतरला, आम्ही लवकर परतलो, असं काहीबाही. फोन लावला. तिकडे भोंगे, गर्दी, घोषणा. मामाजींनी आवाज ओळखला आणि विचारलं, "पोरी, झाली का झोप?"

माझं एकही वाक्य कामाला आलं नाही. मी रडत "हो" म्हणाले.

"बस मंग. आता ठेव. कांताबाई सापडून नाही राहिली कवापासून."

त्या माणसाला मी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. माझं खोटं त्यांनी चोवीस माणसांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि नंतर सासूबाईंनाही कळू दिलं नाही. गावात आम्हाला कोणी कुलूपवाले म्हटलं नाही. म्हणूनच हे लिहिते आहे, त्यांना विचारून. त्या दिवशी आंगणात पाय धुतलेल्यांनो, आम्ही आत होतो. आणि नागपुरात, पुण्यात, कुठेही जाऊन दमलेल्यांनो, तुम्हीही कधी ना कधी आत असालच.

यंदाचा दसरा आठ दिवसांवर आहे. रजा मिळाली नाही. आदल्या दिवशी पुन्हा नाइट. सव्वीस जण येणार आहेत. या वेळी मी मामाजींना खरं सांगितलं, की मी झोपलेली असेन, चहाचं तुमचं तुम्ही पाहा, साखर वरच्या फळीवर आहे. ते म्हणाले, "झोप तू. आमी आमचं पाहू."

चंद्रपूर माझं घर होतं, भिवापूरकडचं ते गाव माझं सासर. नंदनवनच्या या दोन खोल्यांना काय म्हणावं ते मला दोन वर्षं कळत नव्हतं. झोपेसाठी जिथे खोटं बोलावं लागत नाही ते आपलं घर, एवढं आता कळलं आहे. सासरची सव्वीस माणसं घरात फिरत असताना भरदिवसा झोपलेली सून आमच्या गावाने अजून पाहिलेली नाही. यंदा पाहील.